मालाडचा दगड आणि काचेची भिंत

दहिसरहून अंधेरीकडे जाणारी मेट्रो एप्रिल २०२२ मध्ये आरेपर्यंत सुरू झाली आणि दिंडोशीकरांना आपलाच परिसर उंचावरून पाहण्याची सोय झाली. टेकडीच्या उतारावरची पत्र्याची दाट वस्ती, तिच्या शेजारचे झोपडपट्टी पुनर्वसनाचे मनोरे, मध्यमवर्गीय सोसायट्या, द्रुतगती महामार्गालगतच्या काचेच्या कचेऱ्या आणि या सर्वांमागे राष्ट्रीय उद्यानाची हिरवी रांग. हे सारे पाहणाऱ्या प्रवाशाला आवडती इमारत विचारली, तर तो यांपैकी एकीचेही नाव बहुधा घेणार नाही. तो छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचे नाव घेईल, फोर्टमधील वस्तुसंग्रहालयाचे घेईल, नाहीतर गावाकडच्या वाड्याचे. हे निव्वळ स्मरणरंजन म्हणून सोडून द्यावे काय?

येथे राष्ट्रीय वृत्तीच्या माणसाची थोडी अडचण होते. टर्मिनस ही तर साम्राज्याची वास्तू! फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या इंग्रजाने तिचा आराखडा केला. १८७८ मध्ये सुरू झालेले काम दहा वर्षे चालले. शैली युरोपातील गॉथिक. तरीही मुंबईकराला ती परकी वाटत नाही. कारण तिच्यावरील कोरीव कामात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. मोर, माकडे, पाने-फुले इथली आहेत. १९२२ मध्ये लोकांसाठी खुल्या झालेल्या वस्तुसंग्रहालयाचे उदाहरण तर त्याहून बोलके आहे. जॉर्ज विटेटने विजापूरच्या गोलघुमटावरून त्याच्या घुमटाची कल्पना घेतली, झरोके आणि सज्जे योजले आणि बांधकामाला दगड वापरला तो कुर्ल्याचा काळा आणि मालाडचा पिवळसर. दिंडोशीच्या शेजारच्या खाणींनी ज्या मुंबईला रूप दिले, ती मुंबई दिंडोशीकराला आपली वाटणे स्वाभाविकच आहे.

तेव्हा शैली कोणत्या देशात जन्मली, हा प्रश्न दुय्यम ठरतो. ती इथल्या दगडाशी, इथल्या हाताशी आणि मुख्य म्हणजे इथल्या ऋतूंशी जुळवून घेते की नाही, हा खरा प्रश्न आहे. दिंडोशीमागच्याच डोंगररांगेत कान्हेरीची लेणी आहेत. तेथील विहारांना पुढे खांबांची ओसरी आहे, बसायला दगडी बाक आहेत आणि शेजारी पाण्याची टाकी आहेत. पुण्याचा १८०७ सालचा विश्रामबागवाडा पाहिला तर लाकडी सांगाड्याच्या मधोमध उजेड-वारा घेणारा चौक दिसतो. भिक्षूंचे निवासस्थान आणि पेशव्यांचा वाडा यांत सुमारे दीड हजार वर्षांचे अंतर आहे. पण ऊन अडवावे, वारा आत घ्यावा आणि चार माणसांना बसायला जागा ठेवावी, हे शहाणपण एकच आहे.

काचेच्या भिंतीला नेमके हेच ठाऊक नाही. कोवळ्या उन्हाला पारख्या असलेल्या थंड देशांत ती वरदान असेल. मुंबईत ती ऊन आत घेते, वारा बाहेर ठेवते आणि मग वातानुकूलन यंत्र लावून त्या चुकीचे बिल रहिवाशाच्या हाती देते. खिडकीवर छज्जा नसलेल्या सपाट भिंतीची परीक्षा तर पहिल्या पावसातच होते.

मग लोकांना नव्या इमारती आवडतात त्या का? पवईत हफीझ कॉन्ट्रॅक्टर यांनी आखलेली ग्रीक-रोमन खांबांची वसाहत अनेकांना मनापासून आवडते. जाणकार तिला नक्कल म्हणून नाके मुरडतात. पण सामान्य माणूस तेथे खांबांवर भाळत नाही. सलग पदपथ, झाडे आणि स्वच्छ रस्ता यांवर भाळतो. त्याची ही भूक खरी आहे. याउलट, काचेच्या मनोऱ्यावर कळस बसवला की वास्तू भारतीय झाली, असे मानणाऱ्यांनीही सावध राहावे. मुखवटा रोमचा असो वा देवळाचा, तो मुखवटाच.

बदलाला नियमही हातभार लावतात. जानेवारी २०१२ मधील दुरुस्तीने मुंबईत सज्जा चटईक्षेत्रात मोजला जाऊ लागला आणि बदल्यात निवासी इमारतींना ३५ टक्के भरपाईचे चटईक्षेत्र मिळाले. गैरप्रकार थांबवण्याचा हेतू योग्यच होता. पण सज्जाही मोजलाच जाणार, तर ती जागा खोलीलाच का जोडू नये, असा हिशोब सुरू झाला. पापड वाळवण्याची, तुळस ठेवण्याची, शेजारणीशी दोन शब्द बोलण्याची जागा आराखड्यातून निघून गेली. मनोऱ्यात हे शक्यच नसते, ही सबब टिकणारी नाही. चार्ल्स कोरिया यांच्या १९८३ मध्ये पूर्ण झालेल्या कांचनगंगा या उंच इमारतीत दोन मजली उंचीच्या खोल गच्च्या आहेत. जुन्या बंगल्याच्या व्हरांड्याची युक्ती त्यांनी आकाशात नेली.

दिंडोशीला तर घराविषयी वेगळी परंपरा आहे. मृणाल गोरे, बाबूराव सामंत प्रभृतींच्या नागरी निवारा परिषदेने कमाल जमीन धारणा कायद्यातील अतिरिक्त जमिनीसाठी झगडून येथे सुमारे सहा हजार अल्प व मध्यम उत्पन्न कुटुंबांची घरे उभी केली. त्यांच्या विचारसरणीशी मतभेद असणाऱ्यांनीही या कार्याला दाद द्यावी. त्या इमारतींना कोणी शैलीदार म्हणणार नाही. पण राहणाऱ्याचा विचार करून बांधलेले घर साधे असले तरी माणसे त्यावर जीव लावतात.

आज उपनगरांत सोसायटीमागून सोसायटी पुनर्विकासाला निघाली आहे. सभांमध्ये प्रश्न विचारले जातात ते वाढीव क्षेत्राचे, भाड्याचे, कॉर्पस निधीचे. ते विचारलेच पाहिजेत. पण वारा कोणत्या बाजूने येणार, खिडकीवर छज्जा असेल का, गणपती कोठे बसणार, म्हातारी माणसे संध्याकाळी कोठे बसणार, हेही विचारायला हवे. करारावर सही होण्यापूर्वी हे अधिकार सभासदांच्या हातात असतात, नंतर नसतात. आता दगड मालाडचा मिळणार नाही, हे खरे. पण ऊन आणि पाऊस अजून मालाडचेच आहेत, एवढे तरी आराखड्याला ठाऊक असावे.