न दुखणारा चट्टा

सोमेश्वरनगरच्या सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले की बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्यांतून आलेली कुटुंबे नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात कोप्या घालतात. नवराबायकोच्या जोडीला येथे ‘कोयता’ म्हणतात. माणसाला हत्याराचे नाव देणाऱ्या या व्यवस्थेत मुकादमाच्या वहीत उचल लिहिलेली असते, खाडा लिहिलेला असतो. अंगावर उठलेला चट्टा लिहिलेला नसतो.

कुष्ठरोगाचा चट्टा फिकट किंवा लालसर असतो. तो सहसा खाजत नाही, दुखत नाही. तेथे स्पर्शही नीट कळत नाही. पुढे हातापायांना मुंग्या येतात, कानाच्या पाळ्या जाड होतात, बोटे वाकतात. खरूज रात्री झोपू देत नाही, म्हणून तिच्यासाठी मलम तरी मागितले जाते. न दुखणाऱ्या चट्ट्यासाठी दिवसाची मजुरी कोण बुडवील? बधिर हाताला पाचटाने कापलेले समजत नाही, चुलीवरचे भांडे पोळलेले समजत नाही. जखम चिघळते, आणि ज्या हातावर पोट तोच निकामी होतो.

हे अटळ मुळीच नाही. बहुविध औषधोपचार भारतात १९८३ पासून सुरू आहे. औषधे मोफत मिळतात आणि ती सुरू होताच रुग्णापासूनचा संसर्ग लवकरच थांबतो. मात्र सौम्य प्रकारात उपचार ६ महिने आणि तीव्र प्रकारात १२ महिने चालतो. गाळप त्याआधीच आटोपते, कोपी मोडते. हिवाळ्यात पाहणी पथक गावी गेले तर दाराला कुलूप, उन्हाळ्यात फडात आले तर माणूस गावी.

डिसेंबर २००५ मध्ये ‘निर्मूलन’ साध्य झाले, ते दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण या हिशेबाने. देशात आजही वर्षाला लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात. सरासरीत कोपी दिसत नाही! घटस्फोटाचे कारण म्हणून कुष्ठरोग २०१९ मध्ये कायद्यातून वगळला गेला. मुकादमाच्या कायद्यातून तो कोण वगळणार?

गाळपाच्या पहिल्याच महिन्यात प्रत्येक कोपीची तपासणी झाली पाहिजे, स्त्रियांची स्त्री आरोग्यसेविकेकडून. त्या दिवसाची मजुरी कारखान्याने द्यावी आणि उपचाराचे कार्ड कामगाराबरोबर त्याच्या गावच्या आरोग्य केंद्रापर्यंत जावे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ राज्याने स्थापन केले आहे. त्याच्याकडे ही मागणी कार्यकर्त्यांनी धुराडे पेटण्यापूर्वीच नेली पाहिजे.