पोस्ट बेसिक करू का? पाटल्या मोडण्याआधी हा हिशोब वाचा

थोडी मोठी पोस्ट आहे. पण घरात, शेजारात कुणी नर्सिंग करत असेल तर शेवटपर्यंत वाचा.

गेल्या रविवारी नाइट करून घरी आले. डोळा लागतोय न लागतोय तोच दार वाजलं. आमच्या गल्लीतल्या मावशी आणि त्यांची लेक. येरवड्यात राहणाऱ्या निम्म्या बायकांसारख्या मावशीही कल्याणीनगरच्या सोसायट्यांमध्ये पोळ्या करायला जातात. लेक चोवीस वर्षांची. जीएनएम झालेली, दोन वर्षांपासून एका खासगी हॉस्पिटलात आयसीयूला आहे. पगार १९ हजार.

मावशींच्या हातात एका कॉलेजचं चकचकीत माहितीपत्रक होतं. पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग, दोन वर्षं, वर्षाची फी १ लाख १० हजार. परीक्षा, युनिफॉर्म, जाणं-येणं वगैरे धरून वर ३५ हजार. 'शेवटच्या चार सीट' राहिल्यात, मंगळवारपर्यंत २५ हजार भरा, असा फोन आलेला.

मावशी म्हणाल्या, "पाटल्या मोडते. पण पोरगी डिग्रीवाली होऊ दे. तू त्याच लाइनीतली, तूच सांग."

मी बारा वर्षं स्टाफ नर्स आहे. मीही जीएनएमच. हा प्रश्न माझ्याही दारात येऊन गेलाय, म्हणून मावशींना जे सांगितलं ते इथेही लिहिते.

आधी साधा हिशोब. मी पोरीला विचारलं, तुमच्या एचआरला विचारलंस का, डिग्री झाल्यावर पगार किती वाढेल? विचारलं होतं. अडीच हजार.

मग वहीचं मागचं पान घेतलं. फी आणि खर्च २ लाख ५५ हजार. कोर्स पूर्णवेळ आहे, लेक्चर आणि क्लिनिकल दोन्ही. म्हणजे नोकरी सोडायची. दोन वर्षांचा बुडालेला पगार १९ हजार गुणिले २४, म्हणजे ४ लाख ५६ हजार. एकूण ७ लाख ११ हजार. भागिले अडीच हजार. उत्तर येतं २८४ महिने. पावणेचोवीस वर्षं! पोरगी पन्नाशीला टेकेल तेव्हा कुठे खर्च भरून निघेल. आणि यात कर्जाचं व्याज धरलेलंच नाही.

मावशी गप्प. पोरगी म्हणाली, "पण ताई, ते म्हणाले नोकरी सोडायची गरज नाही. परराज्यातलं कॉलेज बघून देतो, फक्त परीक्षेला जायचं."

इथे मात्र माझी झोप उडाली.

बायांनो, हा 'नॉन-अटेंडिंग'चा धंदा आहे. मध्य प्रदेशात काय झालं ते आठवा. कागदावर कॉलेज, जागेवर ना लॅब, ना शिक्षक, ना हॉस्पिटल. प्रकरण हायकोर्टात गेलं, सीबीआय चौकशी लागली. त्या चौकशीत पैसे खाल्ल्याच्या आरोपावरून २०२४ मध्ये सीबीआयच्याच अधिकाऱ्याला अटक झाली, आणि ६६ नर्सिंग कॉलेजं अपात्र ठरून बंद करायची वेळ आली. त्यात अडकलेल्या पोरांची वर्षं कोण परत देणार? आणि वॉर्डात न शिकता मिळालेली डिग्री घेऊन व्हेंटिलेटरच्या पेशंटजवळ उभं राहायचं म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. हजेरीशिवाय नर्सिंग देतो म्हणणाऱ्याचा नंबर ब्लॉक करा.

दुसरी भीती घातली जाते ती 'जीएनएम बंद होणार'ची. काही वर्षांपूर्वी तसं ठरत होतं हे खरं. पण जीएनएम आजही सुरू आहे. आणि उद्या नवे प्रवेश थांबले तरी आपलं रजिस्ट्रेशन रद्द होत नाही. भीतीपोटी पैसे भरू नका.

आता कुणी म्हणेल, सरकारी नोकरीसाठी तरी डिग्री हवीच ना? तर नीट वाचा. महाराष्ट्रात सरकारी हॉस्पिटलातल्या अधिपरिचारिकेचं मूळ वेतन ३५,४०० पासून सुरू होतं आणि त्या पदाला जीएनएम चालतं. एम्सची नॉर्सेट परीक्षा आहे, मूळ वेतन ४४,९०० पासून. तिलाही जीएनएम चालतं, मात्र ५० खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. मावशींच्या पोरीकडे तो आज आहे! नॉर्सेटला खुल्या गटाची वयोमर्यादा ३० आहे. राज्यात खुल्या गटाला ३८, मागासवर्गीयांना ४३. म्हणजे जी दोन वर्षं आणि अडीच लाख डिग्रीला घालायचे, त्याच दोन वर्षांत नोकरी सांभाळून परीक्षेचा अभ्यास होऊ शकतो. क्लास लावला तरी पाटल्या मोडाव्या लागणार नाहीत.

मग डिग्री फुकट आहे का? नाही. तसं म्हणणं खोटं ठरेल. काही दारं डिग्रीशिवाय उघडतच नाहीत.

शिकवण्यात जायचं असेल, पुढे एमएस्सी करायचं असेल, तर बीएस्सी किंवा पोस्ट बेसिक लागतंच. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये शॉर्ट सर्व्हिस कमिशनला डिग्री लागते, वय ३५ च्या आत. समुदाय आरोग्य अधिकारी व्हायचं असेल तर डिग्रीचा उपयोग होतो. तिथे २५ हजार मानधन आणि कामानुसार १५ हजारांपर्यंत भत्ता अशी रचना आहे, पण ते कंत्राटी आहे हे विसरू नका. परदेशाचं म्हणाल तर देश बघून ठरवा. ब्रिटनच्या नोंदणीला इंग्रजीची परीक्षा आणि त्यांच्या दोन परीक्षा महत्त्वाच्या आहेत. जर्मनीला जर्मन भाषा, बी-टू पातळीपर्यंत. तिथे जायचं असेल तर पहिला पैसा भाषेवर घाला, डिग्रीवर नंतर.

आणि एक गोष्ट पैशात मोजता येत नाही, तीही सांगते. तीन वर्षांपूर्वी आमच्या वॉर्डात एक बीएस्सी झालेली मुलगी आली. हुशार, गुणी. तिला आयव्ही लावण्यापासून क्रॅश कार्ट लावण्यापर्यंत सगळं मी हाताला धरून शिकवलं. दीड वर्षात ती इनचार्ज झाली. माझी रजा तिच्या सहीने मंजूर व्हायला लागली. तिचा काही दोष नाही. पण त्या दिवशी चेंजिंग रूममध्ये मी दहा मिनिटं नळ सोडून उभी होते. त्यामुळे डिग्री म्हणजे नुसता कागद, असं कुणी म्हटलं की मला राग येतो. तो कागद नसला की काय होतं, ते मला माहीत आहे.

तरी मी अजून कर्ज काढलेलं नाही. कारण माझा प्रश्न वेगळा आहे. ही डिग्री झाली तर फायदा कुणाकुणाचा?

हॉस्पिटलचा फायदा, जाहिरातीत आणि तपासणीत 'उच्चशिक्षित स्टाफ' दाखवता येतो. पेशंटचा फायदा, कारण जास्त शिकलेली नर्स गुंतागुंत लवकर ओळखते. सरकारचा फायदा, आरोग्य केंद्रांना माणसं मिळतात. आणि खर्च मात्र कुणी करायचा? पोळ्या करणाऱ्या मावशींनी, पाटल्या मोडून. हा कुठला न्याय?

पुण्यात हे असंच होतं असं नाही. १९०९ मध्ये रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी इथे सेवासदन सुरू केलं आणि विधवा, गरीब घरच्या बायकांना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवलं. त्या बायकांना कुणी दागिने मोडायला सांगितले नाहीत. समाजाला नर्स हवी आहे तर समाजाने खर्च उचलायचा, इतकी साधी समज शंभर वर्षांपूर्वी होती. आज त्याच ससूनपासून दोन-तीन किलोमीटरवर आपण फीचे हप्ते मोजत बसलोय.

पगाराचंही तेच. जानेवारी २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने खासगी नर्सच्या पगारासाठी समिती नेमायला लावली. समितीने सांगितलं, २०० च्या वर खाटा असतील तर पगार सरकारी नर्सइतका. १०० च्या वर असतील तर फार तर १० टक्के कमी. ५० ते १०० असतील तर फार तर २५ टक्के कमी. आणि ५० पेक्षा कमी खाटांच्या हॉस्पिटलातही २० हजारांच्या खाली नाही. केरळमध्ये नर्सेस रस्त्यावर उतरल्या आणि २०१८ मध्ये सरकारने किमान वेतनाची अधिसूचना काढली. आपल्याकडे? खाटा मोजून पगार देणारं खासगी हॉस्पिटल माझ्या बारा वर्षांच्या नोकरीत मी तरी पाहिलेलं नाही. मावशींची पोरगी आयसीयूत १९ हजारांवर काम करते. तिचा पगार या शिफारशीप्रमाणे असता, तर डिग्रीचा हिशोबच वेगळा झाला असता. खरी अडचण तिच्या शिक्षणात नाही, तिच्या पगारात आहे.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. एक, ज्या हॉस्पिटलला डिग्रीवाली नर्स हवी आहे त्याने आपल्या जुन्या नर्सला पगारी रजेवर शिकायला पाठवावं, बदल्यात दोन-तीन वर्षांचा बाँड घ्यावा. दोन, नोकरी करणाऱ्या जीएनएम नर्ससाठी सरकारी कॉलेजांत जागा वाढवाव्यात. तीन, २०१६ च्या शिफारशींना महाराष्ट्रात कायद्याचं बळ द्यावं. निवडणुकीत मतं मागायला येतात तेव्हा हे विचारा. आपल्या गल्लीत नर्स, आया, वॉर्डबॉय यांची घरं काही कमी नाहीत.

तोपर्यंत, जिला आजच ठरवायचं आहे तिच्यासाठी चार गोष्टी.

पहिली, पगार किती वाढणार हे आपल्या हॉस्पिटलकडून लेखी मागा. लेखी देत नसतील तर वाढ शून्य धरा.

दुसरी, कॉलेजची मान्यता भारतीय परिचर्या परिषद आणि नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ, दोन्हीकडे स्वतः तपासा. फी शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेलीच आहे का, तेही बघा.

तिसरी, सीट कुठली ते विचारा. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण आणि परीक्षा शुल्कात पूर्ण माफी मिळते. पण व्यवस्थापन कोटा आणि संस्था स्तरावरचा प्रवेश त्यातून वगळला आहे. 'शेवटच्या चार सीट'वाला फोन बहुतेक वेळा याच वगळलेल्या सीटचा असतो! घाईत पैसे भरले की माफी गेली.

चौथी, दुसरे रस्ते बघा. इग्नूचा पोस्ट बेसिक नोकरीतल्या नर्ससाठीच आहे, जीएनएमनंतर दोन वर्षांचा अनुभव लागतो, किमान तीन वर्षं चालतो. एक वर्षाचे पोस्ट बेसिक डिप्लोमाही आहेत, क्रिटिकल केअर, मानसिक आरोग्य वगैरे. आपल्या येरवड्यात एवढं मोठं मनोरुग्णालय आहे, पण मानसिक आरोग्याचं नर्सिंग शिकावं असं आपल्या पोरींच्या मनात येत नाही, कारण ते कुणी सांगितलेलंच नसतं.

मंगळवार गेला. मावशींनी २५ हजार भरले नाहीत. त्यानंतर दोनदा फोन आला, सीट अजून शिल्लक आहेत म्हणे. पोरीने नॉर्सेटचा अभ्यास सुरू केलाय, नाइटला पेशंट स्थिर असले की पुस्तक काढते. माफी मिळणारी किंवा सरकारी जागा हाती लागली तर ती डिग्री नक्की करणार आहे, आणि मीच तिला सोडायला जाणार आहे. पाटल्या अजून मावशींच्या हातात आहेत.

माझं सगळंच बरोबर असेल असं नाही. ज्यांनी पोस्ट बेसिक केलंय त्यांनी खाली खरं लिहा, किती खर्च आला, पगार किती वाढला. चांगलं झालं असेल तर तेही लिहा. कॉलेजच्या माहितीपत्रकात जे नसतं ते आपणच एकमेकींना सांगितलं पाहिजे.