मूळ पावती प्रवाशाच्या हातात हवी

जहाजावरच्या सहलीचे पैसे ज्या दिवशी आपण भरतो, त्याच दिवशी जहाज कंपनीने काढलेली मूळ पावती आपल्या हातात पडली पाहिजे. एजंटाच्या लेटरहेडवरचं व्हाउचर नव्हे. केबिनचा प्रकार कोणता, नंबर काय, कोणत्या केबिनमध्ये कोण, शेवटचा हप्ता कधी, रद्द केलं तर कोणत्या तारखेपर्यंत किती पैसे कापणार, हे सगळं जिच्यावर छापलेलं असतं ती कंपनीची पावती. बुकिंग झालं की ती एजंटाकडे ईमेलने येते. आमच्या एजंटाकडेही आली होती. आमच्यापर्यंत पोचली तेव्हा शेवटचा हप्ता भरून झाला होता, आणि आईसाठी मागितलेली केबिन तिच्यात नव्हतीच.

माझा भाऊ नोकरीनिमित्त सिंगापूरला असतो. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही ठाण्याहून तिकडे जायचं आणि तिथून सगळ्यांनी मिळून पेनांग, फुकेत अशी जहाजाची सफर करायची, असं ठरलं. आई, मी, नवरा आणि आमची मुलगी. भाऊ, वहिनी आणि त्यांची दोन लहान मुलं. हौस मुख्यतः आईची. तिचं माहेर विजयदुर्गाजवळचं. तिच्या लहानपणी मुंबईला यायचं ते आगबोटीने. मुंबई-गोवा बोट रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण अशी बंदरं घेत जायची आणि पावसाळ्यात बंद असायची. बऱ्याच बंदरांत बोट धक्क्याला लागत नसे. ती लांब पाण्यात उभी राही आणि माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या पडावातून जात-येत. डेकवर वळकटी पसरून काढलेल्या रात्रींबद्दल आई अजून बोलते. आज ती 79 वर्षांची आहे. दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झाल्या आहेत, घरात वॉकर आणि बाहेर व्हीलचेअर लागते. पुन्हा एकदा समुद्रावर रात्र काढायची, एवढंच तिचं मागणं होतं.

म्हणून एजंटाला आम्ही एकच अट घातली होती: आईची केबिन व्हीलचेअरची हवी. बाकी खिडकी असो-नसो, मजला कुठलाही चालेल.

ही अट चैनीची नव्हे. जहाजावरच्या साध्या केबिनचं दार अरुंद असतं, त्यातून व्हीलचेअर आत जात नाही. न्हाणीघराला चार-सहा इंचांचा उंबरा असतो, कारण जहाज कललं तरी पाणी बाहेर येता कामा नये. आत एक माणूस जेमतेम वळेल एवढी जागा. व्हीलचेअरसाठी बांधलेल्या केबिनमध्ये दार रुंद असतं, उंबरा नसतो, आंघोळीच्या जागी बसायला पाट आणि भिंतीला धरायला दांडे असतात, खाटेभोवती खुर्ची फिरवता येते. हजारो प्रवाशांच्या जहाजावर अशा केबिन मोजक्याच असतात. शिवाय नुसतं सांगून भागत नाही. प्रवाशाला काय त्रास आहे, कोणतं साधन सोबत आहे, ते कंपनीच्या वेगळ्या अर्जात भरून द्यावं लागतं. हा अर्ज एजंटाने आमच्याकडून भरून घ्यायला हवा होता. असा अर्ज असतो हेच त्याच्याकडून आम्हाला कधी कळलं नाही.

मी विचारल्यावर त्याच्या कार्यालयातल्या मुलाने व्हॉट्सॲपवर उत्तर दिलं होतं, ‘हो मॅडम, व्हीलचेअरवाली टाकली आहे.’ त्यावर आम्ही निर्धास्त होतो. मूळ पावती मी मागितली, तेव्हा ‘सगळ्यांची व्हाउचरं एकदमच पाठवतो’ असं उत्तर आलं. दरम्यान शेवटच्या हप्त्याची मुदत आली आणि पैसे गेले.

मग कागद आला. केबिनच्या नंबरचा रकाना होता, पण त्यात नंबर नव्हता. तिन्ही केबिनपुढे ‘जीटीवाय’ अशी तीन अक्षरं होती. म्हणजे गॅरंटी. या प्रकारात कंपनी तुम्हाला अमुक वर्गाची केबिन नक्की देते, पण कोणती ते आपल्या सोयीने नंतर ठरवते. ती जहाजाच्या टोकाला असेल, नाचगाण्याच्या दालनाखाली असेल, किंवा घरच्यांपासून चार मजले लांब. भाडं कमी पडतं ते त्यामुळेच. दोन धडधाकट माणसांना फिरायचं असेल तर सौदा वाईट नाही. पण या प्रकारात व्हीलचेअरची केबिन मागताच येत नाही. एजंटाने आमची अट ऐकली, ‘हो’ म्हटलं आणि सगळ्यात स्वस्त ते बुक केलं.

एजंटाचं पहिलं उत्तर ठरलेलं होतं: ‘जहाजावर गेल्यावर करून देतात हो.’ या वाक्याचा मला मनापासून राग आहे. भरलेल्या जहाजावर कोण कुणाला काय करून देणार? व्हीलचेअरच्या केबिनमध्ये तोवर ज्याला खरोखर गरज आहे असा दुसरा प्रवासी उतरलेला असतो. त्याला उठवायचं का? आणि तिथे काही झालं नाही, तर एका वयस्क बाईने रोज रात्री अंधारात तो उंबरा ओलांडायचा. गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला न्हाणीघरातलं पडणं केवढ्यात जातं, हे ज्यांच्या घरी घडलंय त्यांना सांगायला नको.

मी थेट जहाज कंपनीला फोन केला. उत्तर मिळालं, बुकिंग एजंटामार्फत आहे, बदल एजंटच करू शकतो. एजंट म्हणाला, कंपनीची सिस्टीम बदल घेत नाही. कंपनीचा नियम मला समजतो. एजंटाच्या खात्यातल्या बुकिंगला कुणीही फोन करून हात लावू लागला तर गोंधळ होईल. पण मग प्रवाशाने कुणाकडे जायचं? पैसे त्याचे, प्रवास त्याचा, आणि त्याच्याशी बोलायला कुणीच बांधलेलं नाही.

यातून वाट निघाली ती भावामुळे. कंपनीच्या सिंगापूरच्या कार्यालयात त्याने बुकिंग बदलायची मागणी केलीच नाही. विशेष गरजा असलेल्या प्रवाशांसाठी कंपनीचा एक वेगळा विभाग असतो, तो त्याने शोधून काढला आणि आईची तब्येत, वॉकर, व्हीलचेअरची रुंदी असं सगळं लिहून पाठवलं. त्या विभागातल्या बाईंनी स्वतःहून फोन केला. जहाजाचा नकाशा समोर उघडून त्या बोलत होत्या. आम्ही विचारलं होतं की तुमची साधीच केबिन राहू दे, पण तिच्यात तिसरी खाट उघडून मुलीलाही आई आणि माझ्याबरोबर घेता येईल का, म्हणजे आईला रात्री उठवायला दोघी असू. त्यांनी नाही म्हटलं आणि कारणही सांगितलं. केबिनमध्ये भिंतीतून खाली येणारी खाट असली, तरी त्या भागातल्या प्रवाशांना नेमून दिलेल्या जीवनरक्षक होड्यांमध्ये जागा नसेल तर ती खाट विकता येत नाही. टायटॅनिक 1912 मध्ये बुडाली, तिच्यावर सगळ्यांना पुरतील एवढ्या होड्या नव्हत्या. त्यानंतर 1914 मध्ये समुद्रावरच्या सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. आज त्या कराराची 1974 ची आवृत्ती सुधारणांसह लागू आहे. आमची अडचण तशीच राहिली, पण हे उत्तर ऐकून मला बरं वाटलं. नियमामागचं कारण कळलं की नकारसुद्धा पटतो.

एक व्हीलचेअरची केबिन कुणीतरी सोडल्यामुळे मोकळी झाली होती. बाईंनी ती आमच्या अर्जावर राखून ठेवली आणि एजंटाला ठरावीक वेळेत होकार कळवायला सांगितलं. आता प्रश्न पैशांचा. ती केबिन वरच्या वर्गातली होती, भाड्यात फरक होता. त्यावर एजंटाने माणशी ‘बदल शुल्क’ लावून सगळा आकडा आमच्यापुढे ठेवला. मी त्याला त्याच्याच मुलाचा व्हॉट्सॲपवरचा होकार तारखेसह ईमेलने पाठवला. खाली लिहिलं, ‘मागितलं होतं ते तुम्ही बुक केलं नाही. ही सेवेतली त्रुटी आहे. फरक तुम्ही भरायचा. नाही भरलात तर ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करीन.’ आवाज चढवला नाही, चार माणसं नेऊन दुकानात बसवली नाहीत. मालकाने स्वतः फोन केला, जुन्या संबंधांची आठवण काढली आणि फरक भरला. नवऱ्याची आणि मुलीची केबिन आमच्या शेजारी मिळाली नाहीच. ती त्याच मजल्यावर पार दुसऱ्या टोकाला आली. तेवढं आम्ही सोडून दिलं.

आम्हाला हे जमलं, कारण भाऊ तिथे होता, मला इंग्रजीत पत्रव्यवहार करता येतो आणि कायदा थोडा माहीत आहे. निवृत्तीच्या पैशांतून आयुष्यात एकदाच अशी सफर करणाऱ्या सांगली-जळगावच्या जोडप्याकडे यातलं काही नसेल, तर त्यांचं काय होतं? ते जहाजावर जातात आणि मिळेल त्यात भागवतात. परत आल्यावर कुणाला काही सांगत नाहीत, कारण एवढा खर्च करून वाईट गेलं असं म्हणायचीही चोरी होते.

बाकीच्या व्यवहारांत आपण इतके असहाय नाही. रेल्वेचं पक्कं तिकीट आईवडील, भावंडं, मुलं किंवा नवरा-बायको यांच्या नावावर करून मिळतं. गाडी सुटण्याच्या 24 तास आधी अर्ज द्यायचा. विमान कंपनीच्या वेबसाइटवरून थेट काढलेल्या तिकिटात नावाच्या स्पेलिंगची चूक बुकिंगपासून 24 तासांत दाखवून दिली तर ती फुकट दुरुस्त करावी, असं विमान कंपन्यांना बंधन आहे. घर घेताना तर रेरा कायद्याने बिल्डरला बजावलंय की करारनामा नोंदवल्याशिवाय 10 टक्क्यांच्या वर रक्कम घ्यायची नाही. पैसा पुढे सरकण्याआधी काय विकत घेतलं ते कागदावर आलंच पाहिजे, हे तत्त्व आपल्या कायद्याला मान्य आहे. मग लाखांच्या घरातली जहाजाची सफर विकणाऱ्याला ते का लागू नसावं? सहली विकणाऱ्यांना पर्यटन मंत्रालयाची मान्यता घेणंसुद्धा ऐच्छिक आहे.

सगळेच एजंट असे नसतात, हे मला ठाऊक आहे. गावोगावचे चांगले एजंट प्रवाशाच्या औषधांच्या वेळांपासून जेवणातल्या कांदा-लसणापर्यंत सगळं लक्षात ठेवतात. त्यांना मूळ पावती त्याच दिवशी द्यायला काहीच अडचण नाही. अडचण असते ती कंपनीने लावलेलं भाडं आणि आपण सांगितलेलं भाडं यांतला फरक ज्यांना दाखवायचा नाही त्यांना. तो आकडा झाकावा, माझी हरकत नाही. दुकान चालवायचं तर नफा लागतोच. पण केबिनचा प्रकार, नंबर आणि तारखा झाकायचा हक्क कुणालाच नाही. शेवटचा हप्ता भरण्याआधी बदल केला तर बहुधा थोडक्यात भागतं. त्यानंतर जसजशी तारीख जवळ येते तसतशी कापली जाणारी रक्कम वाढते आणि अखेरच्या दिवसांत सगळेच पैसे जातात. पावती उशिरा देणं म्हणजे दुरुस्तीचा स्वस्त काळ प्रवाशाच्या हातून काढून घेणं.

परदेशी जहाज कंपनीच्या अटींमध्ये वाद कोणत्या देशाच्या न्यायालयात चालेल ते आधीच लिहून ठेवलेलं असतं. त्याला घाबरून गप्प बसू नका. एजंट इथला आहे, पैसे त्याने इथे घेतले आहेत. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या आयोगात, दोन वर्षांच्या आत, तक्रार करता येते. भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी लागत नाही. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो, तिथे मराठीतही बोलता येतं.

30 सप्टेंबर 2024 ला मुंबई बंदरातून केंद्र सरकारने ‘क्रूझ भारत मिशन’ सुरू केलं. 2029 पर्यंत देशातले क्रूझ प्रवासी दुप्पट करायचे, असं त्याचं उद्दिष्ट आहे. बॅलार्ड पिअरला नवं टर्मिनल उभं राहिलं आहे. या वाढणाऱ्या प्रवाशांत व्हीलचेअरवरचे आजी-आजोबा मोठ्या संख्येने असणार, कारण सामान उचलावं न लागता, रोज हॉटेल न बदलता फिरायची सोय त्यांना जहाजावरच मिळते. माझी बंदर मंत्रालयाला आणि पर्यटन मंत्रालयाला विनंती आहे की या मिशनमध्ये धक्क्यांबरोबर दोन नियमही बांधा. कंपनीची मूळ पावती बुकिंगच्या दिवशीच प्रवाशाला मिळावी, आणि ती मिळाल्यापासून 48 तासांत दाखवून दिलेली चूक विनाशुल्क दुरुस्त व्हावी. आणि वाचकहो, हे नियम होईपर्यंत, केबिनचा नंबर किंवा त्या जागी नेमकं काय लिहिलंय ते कंपनीच्या कागदावर पाहिल्याशिवाय शेवटचा हप्ता भरू नका.