मावळ्याच्या फेट्यावरील ऊन

दीपावलीचा किल्ला उभा राहिला, की त्यावरील मातीची चित्रे रंगविण्याची घाई होते. अंगण बदलापुरातले असो वा उल्हासनगरातले, मुले सपाट रंग फासतात, मावळा निर्जीव दिसतो; आणि पुढील वर्षी पालक रंगीत चित्रे विकतच आणतात. दोष मुलांचा नव्हे. छायाप्रकाश त्यांना कोणी दाखविलेलाच नसतो.

आमचे नम्र मत असे, की त्यांना प्रथम अंबरनाथच्या शिवमंदिरात न्यावे. शके 982 चा (इ. स. 1060) शिलालेख असलेल्या त्या मंदिराच्या काळ्या पाषाणावर रंग नाही, तरी कलत्या उन्हात भिंतींवरील मूर्ती सजीव भासतात. उंचवटा उजळतो, खोलगटात सावली साठते. बोटभर मावळ्याच्या अंगी एवढी सावली कोठून येणार? ती कुंचल्यानेच द्यावयाची.

मूळ रंग पुरता वाळू द्यावा. भगव्या फेट्याच्या चुण्यांत पातळ तपकिरी रंग सोडावा. काळा नको, त्याने फेटा मळकट दिसतो. मग फिकट रंगात बुडविलेला कुंचला फडक्यावर पुसून, जवळजवळ कोरडाच, उंचवट्यांवरून हलकेच फिरवावा. डोळे शेवटी आखावेत.

देवाच्या दारी डोळसपणे पाहावयास शिकलेले मूल हेच त्या किल्ल्याचे खरे वैभव होय.