तीनपदरी पाते

शस्त्राला 'पाणी देणे' हा आपल्या भाषेतील जुना शब्दप्रयोग आहे. भट्टीतून लाल होऊन निघालेले पाते लोहार पाण्यात बुडवितो, चर्र असा आवाज होतो, आणि क्षणापूर्वी मेणासारखे वाकणारे पोलाद कठीण होऊन बसते. अशा पात्याला आपण 'पाणीदार' म्हणतो. परंतु सर्वच लोखंडाला पाणी सारखे चढत नाही. जे लोखंड पाणी धरीत नाही, त्याचाही पात्याला फार मोठा उपयोग असतो. तो उपयोग कोणता, याचा विचार आज करावयाचा आहे.

लोखंड आणि पोलाद यांतील भेद मुख्यतः कर्बाचा. मऊ लोखंडात तो शेकडा ०.१ च्या आसपास असतो. उत्तम सुरीच्या पोलादात शेकडा १ च्या आसपास. आकड्यांत हा फरक किरकोळ दिसतो, परंतु सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून दोन्ही एकदम थंड केली, म्हणजे त्याचे मोल कळते. लोखंड होते तसेच मऊ राहते आणि पोलाद काचेसारखे कठीण व ठिसूळ होते. हा ठिसूळपणा कमी करण्यासाठी त्याला पुन्हा सुमारे २०० अंशांपर्यंत हलकी ऊब द्यावी लागते. तरीही मूळ पेच सुटत नाही. पाते जितके कठीण, तितकी त्याची धार टिकाऊ. आणि जितके कठीण, तितके ते मोडण्याचे भय अधिक.

हा पेच कारागिरांनी पदर जोडून सोडविला. जपानमध्ये या रचनेला 'सानमाई' म्हणतात. 'सान' म्हणजे तीन आणि 'माई' हा चपट्या वस्तू मोजण्याचा शब्द. मध्ये कठीण पोलादाचा पातळ पदर आणि दोन्ही अंगांना मऊ लोखंडाचे पदर, अशी ही मांडणी असते. सांध्यात टाकणखारासारखा पदार्थ घालून, तिन्ही एकत्र तापवून घणाखाली ठोकले की ती एकजीव होतात. मग त्या साऱ्याला एकच आच आणि एकच पाणी मिळते, तरी कठीण होतो तो गाभाच. बाहेरचे पदर मऊ राहून त्याला धरून ठेवतात. पोलादाला एकाच अंगाने लोखंड जोडण्याचीही रीत आहे. परंतु तसे पाते पाण्यात घालताच वाकण्याचा संभव असतो, कारण त्याच्या दोन बाजू सारख्या वागत नाहीत. तीनपदरी पात्यात दोन्हीकडची ओढ समतोल राहते.

या युक्तीच्या मुळाशी काटकसरही होती. पूर्वी पोलाद महाग आणि दुर्मीळ असे, म्हणून ते जिथे धार हवी तिथेच घालीत. आपल्याकडील गावलोहारही कुऱ्हाडीचे अंग साध्या लोखंडाचे घडवून तिच्या तोंडाला पोलादाचा तुकडा जोडीत असे. मोटारीच्या कमानपाट्यांचे पोलाद भंगारात सहज मिळू लागल्यावर ती गरज उरली नाही.

मग आजच्या कारखान्यांत ही रीत का टिकली? तेथे घणाऐवजी लाटण्याची यंत्रे आली. पोलादाच्या जाड लाद्या एकमेकींवर ठेवून तापवावयाच्या आणि प्रचंड रुळांमधून लाटून त्यांचा एकसंध पत्रा करावयाचा, ही तिची आधुनिक कृती. जपानमध्ये फुकुई प्रांतातील ताकेफू येथे असा पदरी पत्रा तयार होतो आणि सुऱ्या करणारे तो विकत घेतात. स्वीडनमधील मोरा गावाजवळच्या ऑस्टनोर वस्तीत फ्रॉस्ट-एरिक एर्सन यांनी १८९१ मध्ये काढलेल्या कारखान्याच्या लाकूडकामाच्या सुऱ्या अशाच पदरी पोलादामुळे नावाजल्या. नॉर्वेमधील होल्मेदाल येथे १९३२ पासून सुऱ्या करणाऱ्या हेल्ले या कारखान्याची ओळखही तीनपदरी पाते हीच आहे. तेथे बाहेरचे पदर न गंजणाऱ्या पोलादाचे असतात.

आता पोलादाचा दुष्काळ नाही, परंतु पदरांचे दोन लाभ कायम आहेत. मऊ अंगांमुळे गाभा अधिक कठीण ठेवता येतो, हा पहिला. दुसरा लाभ गृहिणीच्या व सुताराच्या अधिक कामाचा आहे. पात्याची संपूर्ण उतरण दगडावर टेकवून घासली, तर त्यातील बहुतेक भाग मऊ लोखंडाचा असतो आणि ते झटकन झिजते. कठीण पोलादाची केवळ अरुंद रेघ घासावी लागते. जपानी सुताराच्या रंध्याचे जाड पातेही याच कारणाने हाताने धार लावण्याजोगे राहते.

तीनपदरी पाते ओळखणे अवघड नाही. धारेच्या थोडे वर, पात्याच्या लांबीभर, किंचित नागमोडी रेघ दिसते. तिच्या खाली गाभा, वर लोखंड. मात्र हल्ली काही सुऱ्यांवर लाटांसारखी नक्षी असते, तिला भुलू नये. ती कधी अनेक पदरांची खरी असते, तर कधी केवळ वरवर उमटविलेली. दोन्ही प्रकारांत कापण्याचे काम गाभ्याच्या पोलादाचेच. या पात्यांना दोषही आहेत. गाभा बरोबर मध्यावर नसेल, तर धार लावता लावता ती मऊ लोखंडात सरकते आणि मग टिकत नाही. अंगांवर ओरखडे लवकर पडतात. गाभा साध्या कर्बयुक्त पोलादाचा असल्यास लिंबू किंवा चिंच कापल्यावर पाते लगेच धुऊन पुसावे, नाहीतर धारच गंजते. दगडी ओट्यावर कापू नये, लाकडी पाट घ्यावा.

शिक्षकाच्या दृष्टीने या पात्यांपैकी सर्वांत बोलकी कथा 'हिगोनोकामी' या जपानी चाकूची आहे. ह्योगो प्रांतातील मिकी या गावी १८९० च्या दशकात हा घडीचा चाकू होऊ लागला. दुमडलेल्या पत्र्याची मूठ, एक पाते आणि पात्याच्या मागे एक लहानशी दांडी, एवढाच त्याचा संसार. त्यात कमान नाही, खटका नाही. दांडीवर अंगठा दाबून धरावा तेव्हाच पाते उघडे राहते. त्याच्या चांगल्या प्रतींत 'निळ्या कागदाचे' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पोलादाचा गाभा असतो. पोलादाच्या कांबीवर ज्या रंगाचा कागद चिकटवीत, त्यावरून हे नाव पडले. कित्येक पिढ्यांतील जपानी मुलांच्या खिशात हा चाकू असे. पेन्सिलीला टोक करावयाचे, बांबूची खेळणी करावयाची, ती त्यानेच.

१२ ऑक्टोबर १९६० रोजी टोकियोत समाजवादी पक्षाचे अध्यक्ष इनेजिरो असानुमा यांचा भर सभेत, व्यासपीठावरच, सतरा वर्षांच्या तरुणाने खून केला. हत्यार आखूड तलवारीचे होते, शाळकरी चाकूचे नव्हते. तरीही त्यानंतर मुलांच्या हातून पाती काढून घेण्याची चळवळ देशभर पसरली. त्यातच पेन्सिलीला टोक करणारी यंत्रे घरोघरी आली. मिकीतील चाकूचा धंदा बसत गेला आणि आज ते नाव लावण्याचा हक्क एकाच कार्यशाळेकडे उरला आहे.

परंतु कथा येथे संपत नाही. नागानो प्रांतातील इकेदा येथील एक प्राथमिक शाळा १९८३ पासून पहिलीत येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हाती हाच चाकू देत आली आहे. मुले त्याने आपल्या पेन्सिली तासतात. सहा वर्षांच्या मुलाला चाकू! आपल्यापैकी अनेकांना हे धाडस वाटेल. परंतु आपल्या शाळांतील चित्र आठवावे. चाकू नको म्हणून दप्तरातून सापडतो तो दाढीच्या पात्याचा अर्धा तुकडा. त्याला मूठ नाही, मागे मऊ अंग नाही. तो वाकविला की तुटतो आणि बोथटला की फेकला जातो. धारेपासून मुलाला दूर ठेवल्याचे समाधान आपण मानतो, आणि प्रत्यक्षात सर्वांत वाईट धार त्याच्या बोटांत असते.

धार वापरण्याचे शिक्षण आपल्या घरांना नवे नाही. महाराष्ट्राबाहेर जेथे जेथे मराठी कुटुंबे वसली, तेथे पाटावरवंट्याबरोबर विळीही गेली, आणि तिच्यावर बसावे कसे, उठताना पाते मिटावे कसे, हे आजीने नातीला हात धरून दाखविले. विळी आता माळ्यावर गेली. त्याबरोबर ते दाखविणेही थांबू नये. मूल दहा-बारा वर्षांचे झाले की त्याला जवळ बसवून एक चांगली सुरी त्याच्या हाती द्यावी, काकडी कापू द्यावी, आणि नंतर दगडावर तीच सुरी घासावयास लावावी. पाते तीनपदरी असेल तर त्यावरील रेघ त्याला दाखवावी. आच आणि पाणी सर्व पदरांना सारखेच मिळूनही ते वेगवेगळे का झाले, हा प्रश्न मूल आपण होऊन विचारील. त्याचे उत्तर देता यावे, एवढी तयारी मात्र आपण आधी करून ठेवावी.