व्यसन सुटले, पण परतायचे कुठे?

‘एकदा गर्दुल्ला झाला तो कायमचा वाया गेला,’ असे आपल्या कट्ट्यावर सहज बोलले जाते. हे विधान खरे की खोटे, हे तपासण्याची तसदी कोणी घेत नाही. मित्रहो, ते खोटे आहे आणि त्याचा पुरावा आपल्या पुण्यातच आहे.

अनिल अवचटांनी गर्दच्या विळख्यावर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले. त्यांच्या देणगीच्या आधारावर १९८६ साली येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ उभे राहिले. डॉ. अनिता अवचट त्याच्या आधारस्तंभ होत्या. मार नाही, साखळदंड नाहीत. व्यसन हा आजार आहे आणि व्यसनी हा रुग्ण आहे, ही तिथली भूमिका. पस्तीस दिवसांच्या उपचारात औषधांबरोबर योग, समूहचर्चा, श्रम आणि समुपदेशन असते. आणि विशेष म्हणजे एके काळी रुग्ण म्हणून आलेली कित्येक माणसे पुढे तिथेच कार्यकर्ते झाली. कट्ट्यावरच्या त्या विधानाला याहून चोख उत्तर कोणते?

परंतु माझा खरा मुद्दा पुढेच आहे. गर्द बंद केल्यावर होणारी अंगदुखी, जुलाब, निद्रानाश हा त्रास बहुधा आठवड्याभरात ओसरतो. ओढ मात्र महिनोन् महिने राहते. म्हणूनच उपचारानंतरचा काळ जास्त जोखमीचा. ज्याची आई वा बायको घरी वाट पाहत असते, त्याला निदान परतायला उंबरठा असतो. पण ज्याचे घर व्यसनापायीच सुटले आणि जो फलाटावर निजू लागला, त्याने परतायचे कुठे? त्याच फलाटावर, त्याच सोबत्यांत! पत्ता नाही म्हणून कागदपत्रे नाहीत, कागदपत्रे नाहीत म्हणून काम नाही. रिकामा दिवस आणि उघडी रात्र यांतून पुडी किती दूर असणार?

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७ लाख ७३ हजार माणसे बेघर मोजली गेली. त्यांतले सगळे व्यसनी नव्हेत, हे आधी ध्यानात घ्यावे. अशा माणसांकडे समाज कसा पाहत आला? १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याने उपजीविकेचे साधन न दिसता भटकणाऱ्यालाही भिकाऱ्याच्या व्याख्येत बसवले आणि वर्ष ते तीन वर्षे डांबण्याची सोय केली. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्या कायद्यातील अनेक कलमे दिल्लीपुरती रद्द केली. आपली मने मात्र अजून १९५९ मध्येच आहेत.

कोणी म्हणेल, ‘आधी व्यसन सोडू दे, मग छप्पर देऊ.’ मला हा क्रमच उलटा वाटतो. न्यूयॉर्कमध्ये १९९२ पासून एका संस्थेने आधी घर दिले आणि उपचार त्यासोबत देऊ केले. बहुतेक माणसे त्या घरात टिकली. फिनलंडने २००८ पासून तेच धोरण स्वीकारले. नुसत्या घराने व्यसन सुटत नाही, हे मान्य. पण घराशिवाय सुटलेले व्यसन टिकवायचे कसे? आपल्याकडेही शहरात दर लाख लोकसंख्येमागे एक कायमस्वरूपी निवारा असावा, असा सरकारी दंडक आहे. तो कागदावरून रस्त्यावर यायला हवा.

उपचार संस्था करतील, निवारा सरकार देईल. मग आपण काय करायचे? राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते बांधतो, झाडे लावतो. त्याच उत्साहाने एखाद्या निवाऱ्यात जाऊन चार जणांचे अर्ज भरून द्यावेत, बँकेत सोबत जावे, संध्याकाळी दोन तास गप्पा माराव्यात. दया दाखवण्यापेक्षा हे अवघड आहे, पण जास्त उपयोगी आहे.

आणि उद्या असाच एखादा सुधारलेला माणूस आपल्या कॅन्टीनमध्ये कामाला लागला, तर त्याच्या हातचा चहा आपण निःशंकपणे घेऊ का? त्याचे पाऊल पुन्हा घसरते की नाही, हे काही अंशी आपल्या या उत्तरावरही अवलंबून आहे.