प्रेसवरच्या हाताचं संगीत

भोसरी-चाकणच्या प्रेसशॉपमध्ये काम केलेल्या माणसाला ‘ब्लॅक सॅबथ’ बँडचा गिटारवादक टोनी आयोमी फार समजावून सांगावा लागत नाही. कारखान्यांच्या बर्मिंगहॅम शहरात १९४८ साली जन्मलेला हा डावखुरा पोरगा पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंग करायचा आणि सुटीनंतर गिटार वाजवायचा. बँडबरोबर दौऱ्यावर जायचं ठरलं, त्यानं नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी प्रेसवरचा कामगार आला नाही, म्हणून यालाच मशीनवर उभं केलं. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं आणि अनामिकेचं टोक गेलं. तारा दाबायचा हात तोच. वय १७.

वाहन उद्योगातल्या अपघातांवर ‘सेफ इन इंडिया’ संस्थेचे ‘क्रश्ड’ नावाचे अहवाल निघतात. त्यांतही पॉवर प्रेस आणि तुटलेली बोटं पानोपानी आहेत. हेल्परला ऑपरेटरच्या जागी उभं केल्याच्या नोंदीही आहेत. म्हणूनच आयोमीची गोष्ट नुसती जिद्दीची म्हणून सांगितली, की मला राग येतो. सेन्सर लावलेल्या प्रेसवर ती बोटं वाचली असती.

खचलेल्या आयोमीकडे कारखान्याचा मॅनेजर गिटारवादक जँगो राइनहार्टची रेकॉर्ड घेऊन गेला. आगीत दोन बोटं निकामी होऊनही जँगो उरलेल्या दोन बोटांवर जॅझ वाजवायचा.

पुढचं सगळं डोकं फिटरचं. भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्यानं बोटांवर बसतील अशी टोपणं घडवली, वर जुन्या जाकिटाचं चामडं चिकटवलं. टोपणाखाली तारेचा स्पर्श कळेना, जाड तारा दुखायच्या. म्हणून बँजोच्या बारीक तारा लावल्या. ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ (१९७१) या अल्बमसाठी गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवली. तारा सैल झाल्या, दाबणं सोपं झालं आणि आवाज खर्जात गेला. भरगच्च कॉर्ड जमेनात, तेव्हा दोन-दोन सुरांचे पॉवर कॉर्ड. १९७० पासून ब्लॅक सॅबथनं उभं केलेलं हेवी मेटल या हातातून आलं.

त्याच्या वादनात घाई नाही, हेच मला सर्वांत आवडतं. एक आघात करायचा, तो पूर्ण घुमू द्यायचा, मगच पुढचा. ‘इन्टू द व्हॉइड’ हे गाणं मोठ्या आवाजात ऐकून पाहा.

५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर सॅबथचे मूळ चौघं शेवटचे एकत्र आले. ७७ वर्षांचा आयोमी तेव्हाही टोपणं घालूनच वाजवत होता.